आज जे खाल्लं की कॅन्सर होतो तेच उद्या खाल्लं की बरा होतो, ह्या बातम्या शिजतात कुठं?

शहापूरचा_पोरगा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल पण घरात आता सीरियस व्हायलंय म्हणून विचारतोय. आमचे आप्पा रिटायर होऊन चार वर्षं झाली आणि तेव्हापासून सकाळी पेपर आला की कात्री घेऊन बसतात. राजकारण नको, क्रिकेट नको, आरोग्याची बातमी दिसली की काप आणि फ्रिजवर चिकटव. फ्रिजचा मूळ रंग कुठला होता ते आता फक्त आईला आठवतंय. अंडी खाऊ नका, त्याच्याच खाली अंडी खा. कॉफीनं हार्टला त्रास, बाजूला कॉफीनं आयुष्य वाढतं. चॉकलेट खाल्लं की वजन उतरतं हे तर लाल पेनानं अंडरलाइन करून ठेवलंय आणि नातवाला आणलेलं चॉकलेट स्वतःच संपवायलेत.

एक कागद मात्र आईनं फाडून टाकला. तो पेपरातला नव्हता, फॉरवर्ड आलेला होता, आप्पांनी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्याची प्रिंट काढून आणलेली. ‘पादल्याचा वास घेतल्याने कॅन्सर टळतो, इंग्लंडच्या शास्त्रज्ञांचा शोध.’ आई म्हणाली, चाळीस वर्षं संसार केलाय, त्या हिशोबानं मला आता काहीच होणार नाही.

इथपर्यंत हसण्यावारी होतं. पण गेल्या आठवड्यात ‘गरम चहा पिताय? सावधान, कॅन्सर!’ असं आलं आणि आप्पांनी चहा सोडला. बेळगावात राहून चहा सोडला, थंडीत! त्याच्याऐवजी सकाळी अनशापोटी दुधीचा रस. चहा नसल्यामुळं माणूस दिवसभर सगळ्यांवर खेकसायलाय. त्यात शेजारच्या काकांकडं कन्नड पेपर येतो, आप्पांना कन्नड वाचता येतं, त्यात त्याच दिवशी चहा हार्टला चांगला म्हणून आलेलं. आता दोघं कट्ट्यावर बसून भांडतात, मराठी पेपर खरा की कन्नड पेपर खरा. इतके दिवस सीमाप्रश्नावर भांडायचे ते परवडलं.

आप्पांचं म्हणणं एकच, पेपरात छापलंय म्हणजे कोणीतरी बघूनच छापलं असेल की. ह्या बातम्या सरळ खोट्या असतात का अर्धवट खऱ्या? आणि आप्पांना सांगायचं कसं? मी सांगितलं तर म्हणतात तू काय डॉक्टर आहेस.

---

निपाणीचा_गडी

मर्दा आधी आप्पांना चहा दे, मग पुढचं बोलू.

ती चहाची बातमी खोटी न्हाई, पण तिचं मुंडकं धरलंय आणि धड सोडून दिलंय. डब्ल्यूएचओची कॅन्सरवर काम करणारी एक संस्था हाय, आयएआरसी म्हणतात, फ्रान्समध्ये लियॉनला बसते. त्यांनी २०१६ साली सांगितलं की ६५ अंशाच्या वर गरम असलेलं कुठलंबी पेय पिलं तर अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका वाढत असावा. ध्यानात घे, कुठलंबी. चहाचा दोष न्हाई, उकळतं पाणी पिलं तरी तेच. चीन, इराण, तुर्कस्तान, दक्षिण अमेरिका असल्या ठिकाणी लोक ७० अंशाच्या आसपासचं पेय घटाघटा पितात, तिथल्या अभ्यासावरनं हे आलं. आणि गंमत बघ, त्याच बैठकीत कॉफीला त्यांनी मोकळं केलं, ती १९९१ पासनं संशयितांच्या यादीत होती. म्हंजे एकाच कागदातनं एका पेपरवाल्याला कॉफी सुटल्याची बातमी घावली आणि दुसऱ्याला चहा अडकल्याची.

ह्या संस्थेचे ग्रुप असतात आणि सगळी गडबड तिथंच होते. ग्रुप १ म्हंजे कॅन्सर होतो ह्याचा पुरावा पक्का. २ए म्हंजे बहुतेक होत असावा. २बी म्हंजे कायतरी कुठंतरी दिसलंय, नक्की म्हणता येत न्हाई. हे पुरावा किती पक्का ते सांगतात, धोका किती मोठा ते न्हाई. समज चोरी केली हे पक्कं सिद्ध झालं, पण पाच रुपये चोरले का पाच लाख हे त्यात लिहिलेलंच नसतं. ग्रुप १ मध्ये तंबाखू हाय, दारू हाय, सुपारी हाय, लाकडाचा भुसा हाय आणि ऊनबी हाय. आता सुताराला न् उन्हात भांगलणाऱ्या बाईला काय सांगणार? २बी मध्ये मोबाईलच्या लहरी हायत २०११ पासनं, आणि त्याच खोलीत कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आणि चीन-जपानकडच्या पद्धतीचं भाज्यांचं लोणचं. पण ‘मोबाईलने कॅन्सर’ छापलं तर पेपर खपतो, ‘मोबाईल हा लोणच्याइतकाच संशयित’ छापलं तर कोण वाचणार.

२०१५ ला सॉसेज, बेकन असल्या प्रक्रिया केलेल्या मटणाला त्यांनी ग्रुप १ मध्ये टाकलं तर जगभर छापून आलं की हे सिगारेटइतकंच घातक. आकडा होता १८ टक्के. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. ऐकून पोटात गोळा येतो, पण कशाच्या १८ टक्के? इंग्लंडसारख्या देशात शंभरातल्या सहा-एक जणांना आयुष्यात कधीतरी तो कॅन्सर होतो, रोज सॉसेज हाणणाऱ्यात तो सहाचा सातावर जातो. म्हंजे शंभरात एक माणूस जास्त. कमी न्हाई तो पण, त्याच्या घरच्यांना इचारा. पण सिगारेट ओढणाऱ्याला फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका पंधरा ते तीस पट असतो. पट! टक्के न्हाईत.

आता आमच्या निपाणीचं सांगतो. गाव तंबाखूवर वाढलं, वखारींचा वास नाकात घेऊनच आम्ही शाळेत गेलो. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर ह्याचा इंग्लंडातला अभ्यास १९५० सालचा हाय, म्हंजे पंच्याहत्तर वर्षं झाली, पण त्याची बातमी होत न्हाई कारण ती जुनी झाली. परवा चौकात एक मामा चुना लावून तंबाखू मळत मळत मला सांगाय लागले, खिशात मोबाईल ठेवू नको रे, कॅन्सर होतो म्हणून पेपरात आलंय.

---

खानापूरचा_लॅबवाला

वरचे निपाणीवाले दादा बरोबर बोललेत. मी छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, शास्त्रज्ञ वगैरे नाही, रक्त काढतो आणि रिपोर्ट देतो. पण तुमच्या आईंनी फाडलेल्या कागदावर मला बोलायचंय कारण तो माझा आवडता किस्सा आहे.

२०१४ ची गोष्ट. एक्सेटर विद्यापीठातल्या लोकांनी एपी३९ नावाचं एक संयुग बनवलं. ते पेशीच्या आतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीचं जे पॉवरहाऊस शाळेत पाठ केलेलं तिथं, हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडं थोडं सोडतं, आणि त्यामुळं ताणाखालची पेशी जरा तग धरते असं त्यांना दिसलं. झालं एवढंच. प्रेसनोट लिहिणाऱ्याला वाटलं हायड्रोजन सल्फाइड म्हटल्यावर लोकांना काय कळणार, म्हणून त्यानं लिहिलं की हा तोच वायू ज्यानं कुजकी अंडी आणि पाद घाण वास मारतात. बास. दुसऱ्या दिवशी अर्ध्या जगात हेडलाइन. त्या अख्ख्या अभ्यासात कोणी कोणाचं काहीही हुंगलेलं नाही, ते पेशींवर केलेलं काम होतं. आणि तोच वायू जास्त झाला तर माणूस दोन-चार श्वासात पडतो, गटारात नाहीतर मैल्याच्या टाकीत उतरलेली माणसं मरतात ती बऱ्याचदा ह्याच वायूनं. तेव्हा औषध म्हणून कोणी हुंगत बसू नये एवढंच.

बाकी डिशमधल्या पेशी मारणं ही काय मोठी गोष्ट नाही हो. कॅन्सरच्या पेशींवर फिनेल ओतलं तरी मरतात. साबणाचं पाणी ओतलं तरी मरतात. अमुक भाजीच्या अर्कानं कॅन्सरच्या पेशी मेल्या असं वाचलं की पहिला प्रश्न, कुठं मेल्या? काचेत, उंदरात का माणसात? उंदरांचं तर असं आहे की आजपर्यंत त्यांचे इतके रोग बरे झालेत की उंदीर असतो तर मी पण आनंदात असतो.

आणि पेपरवाल्यांवर सगळं ढकलू नका हां. इंग्लंडमधल्याच काही लोकांनी २० विद्यापीठांच्या ४६२ प्रेसनोट तपासल्या, २०१४ ला छापून आलंय ते. साधारण ४० टक्क्यांत मूळ अभ्यासापेक्षा वाढवून सल्ला दिलेला, आणि ३६ टक्क्यांत प्राण्यांवरचं थेट माणसांवर नेऊन बसवलेलं. म्हणजे दुधात पाणी गोठ्यातच पडतंय, गवळ्याला किती बोलायचं. मग त्याच्यात बातम्या पुरवणारी एजन्सी आपलं पाणी घालते, मग कोणीतरी रात्री अकरा वाजता त्याचं मराठी करतो आणि ‘संबंध असू शकतो’ चं ‘होतोच’ होऊन जातं कारण कॉलमात जागा तेवढीच असते, आणि शेवटी व्हॉट्सॲपवर आपले काका त्याला ‘नासाने मान्य केले’ जोडून सोडतात.

दुधीचं मात्र हसू नका. रस कडू लागला तर आप्पांना सांगा लगेच थुंकायचा, पुरा करायचा नाही. कडू दुधीत कुकुर्बिटॅसिन नावाचं विष असतं, त्यानं उलट्या, रक्त पडणं, बीपी उतरणं होतं, आणि माणसं दगावलेली आहेत आपल्या देशात. आयसीएमआरनं, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, त्यासाठी समिती नेमली होती आणि त्यांनीही हेच सांगितलं की कडू असेल तर पिऊ नका आणि पिऊन त्रास झाला तर थेट दवाखाना. गंमत म्हणजे ‘दुधीचा रस प्या’ ही बातमी तुमच्या फ्रिजवर असणार आणि ही नसणार.

---

गोवावेसची_अक्का

बाळ, आप्पांच्या चॉकलेटचं मी सांगते. मी तीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं, तेव्हा जरा लांबेल, चहा घेऊन बसा (६५ च्या खाली).

ती चॉकलेटची बातमी मुद्दाम बनवलेली होती. बनवणाऱ्यानं स्वतः कबूल केलंय. जॉन बोहॅनन नावाचा पत्रकार, त्यानं आणि जर्मनीतल्या टीव्हीवाल्यांनी २०१५ साली बघायचं ठरवलं की फालतू अभ्यासाची बातमी किती लांब जाते. नाव जरा जर्मन करून योहानेस केलं, एक संस्था काढली जी फक्त वेबसाइटवर होती, आणि खरोखरची माणसं घेऊन खरोखरचा प्रयोग केला. हे महत्त्वाचं, आकडे खोटे नव्हते! पंधरा माणसं, तीन गट, तीन आठवडे. एका गटानं पिठूळ खाणं कमी करायचं, दुसऱ्यानं तेच करून रोज ४२ ग्रॅम डार्क चॉकलेट खायचं, तिसऱ्यानं नेहमीचं जेवायचं. निघालं काय, तर चॉकलेटवाल्यांचं वजन दहा टक्के लवकर उतरलं. पैसे भरले की छापणाऱ्या एका जर्नलला ६०० युरो दिले, दोन आठवड्यात छापून आलं, आणि तिथून थेट जर्मनीतल्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या पेपराच्या पहिल्या पानावर. मग जगभर. दोन महिन्यांनी ह्यानं सांगितलं, अहो ते सगळं तुम्हाला फसवायला होतं. तोपर्यंत आप्पांनी अंडरलाइन केलेली.

आता हे जमलं कसं ते कुंद्यावर, म्हणजे आपल्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईवर, करून दाखवते.

समजा मला सिद्ध करायचंय की कुंदा तब्येतीला चांगला. गल्लीतली पंधरा माणसं गोळा केली. पाच जणांना भात कमी, पाच जणांना भात कमी आणि रोज कुंदा, पाच जण आहेत तसे. कुंद्याच्या गटात जायला मारामारी होईल, तो भाग सोडा. आता वजन एकच मोजायचं नाही. वजन, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, झोप, पोट साफ, कंबर, मूड, अशा अठरा गोष्टी मोजायच्या. बोहॅनननं पण बरोबर अठराच मोजल्या होत्या. शास्त्रातला रिवाज असा की योगायोगानं असा निकाल यायची शक्यता वीसात एकापेक्षा कमी असली की त्याला ‘लक्षणीय’ म्हणायचं. एकच गोष्ट मोजली तर ठीक आहे. पण अठरा मोजल्या तर त्यातली एक तरी निव्वळ नशिबानं लक्षणीय निघायची शक्यता किती? ०.९५ चा अठरावा घात काढा, साधारण ०.४० येतो, म्हणजे एक तरी लागायची शक्यता ६० टक्के. नाणेफेकीपेक्षा बरी! आणि गटात पाचच माणसं असली की एकाला जुलाब झाले तरी अख्ख्या गटाची सरासरी खाली येते.

म्हणजे हरभऱ्याच्या रानात डोळे मिटून अठरा दगड भिरकवायचे, कुठलं तरी पाखरू पडतंच, मग छाती काढून सांगायचं की माझा नेम ह्याच्यावरच होता. बाकीचे सतरा दगड गुपचूप विसरायचे. समजा झोपेचा दगड लागला. झाली हेडलाइन, ‘बेळगावी कुंद्याने झोप सुधारते’. ह्यात खोटं काहीच नाही आणि खरंही काहीच नाही. वजन वाढलं असेल तीन किलो, ते सतरा दगडांत गेलं.

दुसरा प्रकार अजून सोपा, त्याला प्रयोग पण करावा लागत नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय जर्नलमध्ये एका डॉक्टरनी २३ देशांचा आलेख छापला, ज्या देशात चॉकलेट जास्त खातात तिथं माणसामागं नोबेल जास्त. स्वित्झर्लंड सगळ्यात वर. त्यांनी तो जरा थट्टेनंच लिहिला होता, पण पेपरांनी ‘चॉकलेट खा, नोबेल मिळवा’ म्हणून छापला. अरे श्रीमंत देशात चॉकलेट पण परवडतं आणि प्रयोगशाळा पण परवडतात. तसंच म्हणायचं तर धारवाडनं ज्ञानपीठवाले लेखक दिले ते पेढ्यामुळं. आणि गोकाकला डिंक-सुकामेव्याचं करदंट जास्त खपतं, धबधबाही तिथंच आहे, म्हणजे करदंटानं पाणी वाढतं. आपल्या राकसकोपच्या धरणात दोन टन नेऊन टाका, उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येईल.

आप्पांना माझा नमस्कार सांग, आणि नातवाचं चॉकलेट परत द्यायला सांग.

---

थेट_बोलणार

सगळे शहाणे जमलेत इथं. म्हणजे आजीचे काढे खोटे, पेपर खोटा, आपल्या पूर्वजांनी सांगितलेलं खोटं आणि तुमचे इंग्लंड अमेरिकेचे डॉक्टर तेवढे खरे काय? तेच एक दिवस हे सांगतात दुसऱ्या दिवशी ते. कंपन्यांचा पैसा असतो सगळीकडं. हळद आमच्या घरात हजार वर्षं खातात, त्याला कशाला पाहिजे तुमचं सर्टिफिकेट.

---

खानापूरचा_लॅबवाला

दादा रागावू नका. वर सगळी थट्टा इंग्लंड, जर्मनी आणि अमेरिकेचीच चाललीय, काढ्याला अजून कोणी हातही लावलेला नाही. कंपन्यांच्या पैशाबद्दल तुम्ही म्हणताय ते खरं आहे, पैसा कोणाचा ते बघायलाच पाहिजे. पण काढा विकणारी पण कंपनीच असते की.

आजीचं खोटं असं कोण म्हणालं? मलेरियाचं आर्टेमिसिनिन औषध आहे ना, ते चीनमधल्या एका झुडपातून आलंय, आणि ते कसं काढायचं ह्याचा धागा तू योयो नावाच्या चिनी शास्त्रज्ञ बाईंना दीड हजार वर्षांहून जुन्या चिनी ग्रंथात सापडला, पाला उकळायचा नाही, गार पाण्यात भिजवून पिळायचा. २०१५ चं नोबेल मिळालं त्यांना. पण ग्रंथात लिहिलंय म्हणून नाही मिळालं. शेकडो पाले तपासले, त्यातला एक लागला, मग उंदीर, माकडं, मग स्वतः पिऊन बघितला, मग पेशंट. न लागलेले पण कोणाच्या ना कोणाच्या आजीचेच होते.

आणि विचित्र वाटतं म्हणून खोटं असंही नसतं. पोटातल्या अल्सरला टेन्शन आणि तिखट कारण आहे असंच सगळे डॉक्टर सांगायचे, आमच्या मामाला वर्षानुवर्षं पांढरं भात-ताक खायला लावलं होतं. ऑस्ट्रेलियाचा बॅरी मार्शल म्हणाला जंतूमुळं होतो, कोणी ऐकेना तर १९८४ साली त्यानं त्या जंतूंचं पाणीच पिऊन टाकलं आणि थोड्याच दिवसात पोटाची वाट लागली. २००५ ला मार्शल आणि त्याचा सहकारी वॉरन दोघांना नोबेल. ती बातमी तेव्हा कोणी वाचली असती तर माझ्यासारखा हसलाच असता.

हळद भाजीत खावा की, कोण नको म्हणतंय. फक्त कोणी केमो सोडून हळद घ्यायला सांगितलं तर त्याला आधी विचारा, उंदरात का माणसात.

---

तलावाकाठचा_काका

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. तुम्ही सगळे पोरं फॉरवर्डला दोष देता पण १९९५ ला कुठं होतं व्हॉट्सॲप? २१ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी दिल्लीत गणपती दूध प्यायला आणि दुपारपर्यंत सगळा देश प्यायला लागला, परदेशातली देवळं सुद्धा. नुसत्या फोनवर पसरलं, ते पण एसटीडी बूथच्या काळात. आमच्या गल्लीत इतकी रांग लागली की दुधवाल्यानं पाणी घालायचं पण सोडलं, तसंच पाणी विकलं म्हणायला हरकत नाही. मी स्वतः चमचा धरला, दूध गेलं, अंगावर काटा आला खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी आमच्या थोरल्या भावानं घरात पाट्यावरचा वरवंटा उभा केला आणि चमच्यानं दूध लावलं. वरवंट्यानं पण पिलं. आई म्हणाली शिव्या खाशील. मग त्यानं दुधात कुंकू कालवलं आणि परत लावलं, तेव्हा दिसलं की दूध पोटात नाही, अंगावरून पातळ ओघळ होऊन खाली जातंय. द्रवाचा पृष्ठताण, चमच्याची कड दगडाला टेकली की दूध ओढलं जातं, आणि पांढऱ्या संगमरवरावर पांढरा ओघळ दिसत नाही. दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी पण रंगीत दूध वापरूनच दाखवलं होतं म्हणे, ते आम्हाला नंतर कळलं. आमचा भाऊ दहावी नापास हां.

पण सांगायचं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी पेपरात गणपती दूध प्यायला हे पहिल्या पानावर होतं. पृष्ठताण आतल्या पानावर खाली, टेंडर नोटिसांच्या शेजारी. आमच्या आईनं पहिलं पान जपून ठेवलं, अजून ट्रंकेत आहे.

नोटबंदीत २००० च्या नोटेत चिप आहे, जमिनीत पुरली तरी सॅटेलाइटला दिसते म्हणून टीव्हीवर दाखवलं तेव्हा माझ्या ओळखीच्या एकानं नोट फाडून बघितली होती. चिप नव्हती. नोट बँकेनं घेतली नाही लवकर.

---

निपाणीचा_गडी

काका वरवंट्यावर हसून हसून पोट दुखाय लागलं. जनता कर्फ्यूच्या वेळचं आठवतंय का कुणाला, २०२० ला, विषाणू बारा तास जगतो आणि कर्फ्यू चौदा तासाचा, म्हंजे सोमवारी सकाळी कोरोना खलास. आमच्या इथं एकानं हिशोब करून दोन तास शिल्लक ठेवले होते, राखीव म्हणून.

शहापूरच्या भावा, आप्पांचं काय झालं सांग की.

---

शहापूरचा_पोरगा

सगळ्यांचे लई आभार. रविवारी आप्पांना आणि शेजारच्या काकांना कट्ट्यावर बसवून सगळं वाचून दाखवलं. अक्कांचं कुंद्याचं ऐकून दोघंही आधी म्हणाले मग कुंद्याच्या गटात नाव कुठं द्यायचं. चॉकलेटची बातमी फसवाफसवीची निघाली म्हटल्यावर आप्पा जरा पडले, पण कात्रण काढलं नाही, त्याच्यावर पेनानं ‘१५ माणसं’ असं लिहिलं. काल बघितलं तर फ्रिजवरच्या आणखी सात-आठ कागदांवर ‘किती?’ आणि ‘उंदीर’ असं लिहिलेलं आहे. दुधी बंद झालाय. परवाचा जरा कडवट लागला होता म्हणे आणि तरी निम्मा ग्लास पिलेला, हे आत्ता सांगतात!

पण चहाचं नवीन लफडं झालं. ६५ अंश हे डोक्यात बसलं. आता मोजायचं कसं? आईच्या कपाटात ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर होता, तो आप्पांनी काल सकाळी चहात बुडवला. त्यावर नुसता ‘एच’ आला. आप्पा तसेच बाहेर आले, हातात कप, तोंड पांढरं, म्हणाले एच आलाय, एच म्हणजे हार्ट काय रे?

---

खानापूरचा_लॅबवाला

हाहाहा. एच म्हणजे हाय. तो ४२-४३ च्या वर मोजतच नाही हो, माणसासाठी आहे, चहासाठी नाही. काचेचा पाऱ्याचा नव्हता हे नशीब, तो चहात तडकला असता तर आप्पांना खरंच दवाखान्यात न्यायला लागलं असतं. मोजायचंच असेल तर स्वयंपाकाचा थर्मामीटर मिळतो, नाहीतर कपात ओतून चार-पाच मिनिटं थांबायचं.

---

निपाणीचा_गडी

थांबा थांबा. आप्पा कपातनं पितात का बशीतनं?

---

शहापूरचा_पोरगा

बशीतून. फुंकर मारून. जन्मात कधी कपाला तोंड लावलेलं नाही.

---

निपाणीचा_गडी

मग आठ दिवस उपाशी कशाला ठेवलास रे त्यांना.